डोळ्याचा खाना

पप्पांची होडी रविवारी विकली जाणार होती, म्हणून शेवटच्या फेरीतला एक रावस मी आधीच मागून ठेवला होता. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एकाच माशाचे चार नमुने हवे होते: स्नायू, हृदय, यकृत आणि डोळा. बाजारातला मासा बर्फात किती दिवस पडलेला असतो कोण जाणे. तोवर त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मरगळतात. शिवाय माझ्या प्रबंधात पप्पांच्या जाळ्यातला मासा असावा, असं मला फार वाटत होतं.

मी बघत होते ते एकच विकर. फार पूर्वी माशांच्या पूर्वजांत त्याच्या जनुकाच्या नकला झाल्या आणि पुढे प्रत्येकीनं आपापली जागा धरली. एक स्नायूत, एक हृदयात. तिसरी बऱ्याच माशांत डोळ्यात स्थिरावली, काहींत यकृतात. माझ्या रावसात ती कुठे असेल?

तारोडीच्या आमच्या घरातही माशाचे वाटे असेच ठरलेले. लिव्हर पप्पांची, शेपटी मम्मीची, पोटाकडची तुकडी मेल्विनदादाची, डोळे माझे. कोणी ठरवलं, कुणालाच आठवत नाही. डोळ्यातली पांढरी गोळी मी दातांत वाजवायचे आणि मम्मी ओरडायची. शिकायला शांती नगरला आत्याकडे आले, तेव्हापासून ताटात नुसत्या तुकड्या.

शेवटच्या फेरीच्या दिवशी काशीमीऱ्याच्या गोदामातून कोरडा बर्फ घेतला आणि ट्रकांच्या रांगेत अडकले. फोनवर पप्पांना चारही नमुन्यांची नावं सांगितली. घरी पोचले तर बर्फाच्या पिशवीत तीनच पुड्या.

"पप्पा, डोळे?"

"ते तुजी मम्मी बघते. सांगितलंय तिला, जोआनला डोळे पायजेत."

आतून बाटली मसाल्याचा वास आला. मी धावले. कालवणात रावसाचं डोकं उकळत होतं.

"मम्मी! ते लॅबला न्यायचे होते!"

"लॅबला? डोळे?" मम्मी डाव हातात धरून बघतच राहिली. "मेल्विन रडून रडून थकला, त्याला कदी दिलं न्हायस. नि लॅबला देतेस?"

उकळल्यावर विकर उरत नाही. पप्पा पिशवीकडे बघत म्हणाले, "दुसरा रावस न्हाय गावला, बाय."

जेवताना दोन्ही डोळे माझ्या ताटात आले. मी गोळी दातांत वाजवली. मम्मी ओरडली नाही.

नंतर प्रयोगशाळेत जेलच्या पातळ वडीवर नमुने चालवले; विकर असेल तिथे निळा पट्टा उमटतो. तीन खान्यांत पट्टे उमटले, डोळ्याचा चौथा खाना मोकळा सोडला. यकृतात तिसऱ्या नकलेचा पट्टा नव्हता. म्हणजे ती डोळ्यात असावी. पण 'असावी' लिहून चालत नाही. मी लिहिलं: डोळा, नमुना उपलब्ध नाही.

होडी गेल्यावर पप्पांना त्या जेलचा फोटो दाखवला. त्यांनी चौथ्या खान्यावर बोट ठेवलं.

"हा मोकळा का?"

"तो मी खाल्ला, पप्पा."

त्यांनी फोटो जरा जवळ धरला.

"चांगला होता ना?"

"होता."