बोटभर उंच पायरी

मित्रांनो, पायरी म्हटली की तुम्हांला घर आठवेल, नाहीतर देऊळ आठवेल. माझ्यामागे घरही नाही आणि देऊळही नाही. मी एक जुनी, सुटी, लाकडी पायरी आहे. माझ्यावर चढून कुणी कुठे पोचत नाही. चढायचं आणि लगेच उतरायचं, एवढंच माझं काम. तरी या कामात मी एका मुलीवर अन्याय केला होता. जाणूनबुजून नाही, पण केला. तो आजही माझ्या मनातून जात नाही, म्हणून तुम्हांला सांगते.

मी मूळची फणसाची. मॉरिशसच्या कांप दे मास्क गावात, उसाच्या कडेला आमचं झाड होतं. पंचाहत्तर सालच्या जर्वेज वादळात ते मुळासकट आडवं झालं. गावच्या सत्यनारायण सुतारांनी खोड चिरून फळ्या केल्या आणि माळ्यावर वाळत ठेवल्या. त्यांना सगळे नाना म्हणत. सहा वर्षं मी तिथे पडून होते. मग एक्क्याऐंशी साली शाळेतून एक तरुण बाई नानांकडे आल्या.

त्या मिस रीता. व्हाक्वास शहरातल्या, वडील सरकारी नोकरीत. शारीरिक शिक्षणाच्या पदविकेसाठी त्यांना एक अभ्यास करायचा होता: खेड्यातल्या मुलांच्या अंगात दम किती, आणि मधल्या सुट्टीत कोण खेळतं, कोण नुसतं बघतं. त्यांची मराठी थोडी अडखळत चाले. मध्ये शब्द सापडला नाही की बेटावरच्या क्रेओल बोलीतला घालायच्या.

"नाना, एक पायरी पाहिजे. बारा इंच उंच. मुलं वर चढणार, खाली उतरणार. तीन मिनिटं."

"वर चढून काय घेणार? लिची?"

"काही नाही. मग बसणार, मी नाडी मोजणार."

नाना हसले. "चढायचा, उतरायचा, आणि हाती काय नाय! आयो, शिकलेल्या लोकांचा काम!"

पण काम त्यांनी मनापासून केलं. आजोबांच्या वेळची त्यांची एक लाकडी पट्टी होती, साखर कारखान्यातून आलेली, कडेला पितळ लावलेली. तिने मोजून त्यांनी माझे पाय कापले. कडा घासून गोल केल्या. मग स्वतःचा तळहात सगळीकडे फिरवून पाहिला, कुठे कुसळ तर उरलं नाही ना. मुलं अनवाणी चढणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना ते ठाऊक होतं. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पहिल्या दिवशी मात्र सगळा गोंधळच झाला. मिनिटाला चोवीस वेळा चढायचं, म्हणून ताल हवा. देवराज मास्तरांनी घरून गणपतीतली झांज आणली आणि घड्याळाकडे बघत वाजवू लागले. झांज ऐकली आणि मुलांच्या पायांत झाकरी, आमचा गणपतीतला नाच, शिरली! एक मुलगा वर चढून गिरकी घेऊनच उतरला. रांगेतली मुलं गाऊ लागली. मिस रीता ओरडल्या, "नाच नाही! अभ्यास आहे!" शेवटी झांज बाजूला गेली आणि मास्तरांनी डस्टर बाकावर आपटायला घेतलं. डस्टरवर कुणाला नाचावंसं वाटलं नाही.

अडतीस मुलं एकामागून एक माझ्यावर आली. पाऊल पडलं की मला बरंच काही कळतं. कुणाच्या टाचेला भेग आहे, कोण सकाळी न जेवता आलंय, कोण घाबरून बोटांनी मला धरून ठेवतंय. या पायांत मला सर्वांत आवडले ते इंद्राणीचे. अकरा वर्षांची मुलगी, पाऊल हलकं, टेकलं न टेकलं की वर. तीन मिनिटं झाल्यावर तिने विचारलं, "मिस, अजून करू?"

मिस रीतांनी तिला बसवून मनगट धरलं. एक मिनिट नाडी मोजली. त्यांच्या तक्त्यात एकशेवीसपर्यंत ठीक होतं. इंद्राणीची आली एकशे चोवीस. त्यांनी तिच्या नावापुढे लाल ठिपका दिला.

संध्याकाळपर्यंत पंधरा लाल ठिपके झाले. त्यांतले अकरा मुलींचे.

मित्रांनो, इंद्राणी मुलींच्या रिलेत होती. त्या वर्षी पहिल्यांदाच शाळेच्या चार मुली फ्लाक गावाला शर्यतीत धावायला जाणार होत्या. मिस रीतांनी तिच्या घरी चिठ्ठी पाठवली: छाती एकदा डॉक्टरांना दाखवावी, तोवर पळवू नये. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत तिची आई दारात हजर.

आईचं नाव बसंती. लोकांचे कपडे शिवून देणारी, बारीक अंगाची बाई. वादळाच्या वर्षी छप्पर उडालेल्या घरात इंद्राणी दोन दिवस भिजली होती, आणि मग तिला न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून बसंती झोपलेल्या लेकीच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची. ही सवय तिची सहा वर्षांत सुटली नव्हती.

"मिस, मी सांगत होती ना सगळ्यांना," ती म्हणाली. "हिचा बाप हसायचा. सासू म्हणायची, तू पोरीला कापसात ठेवतेस. आता बघा. कागदावरच आला."

"ताई, घाबरू नका. खूप मोठं काही नाही. बारा इंचांच्या पायरीवर तीन मिनिटं, त्यात नाडी थोडी जास्त..."

"थोडी का जास्त, मला नको. नाव काढा."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. भीती तर होतीच. पण भीतीखाली काहीतरी सैल झालं होतं, कुणीतरी आपली बाजू घेतल्यासारखं. सहा वर्षं जी शंका तिच्या एकटीची होती, तिच्यावर आता शाळेचा शिक्का बसला होता.

इंद्राणीचं नाव निघालं. तिच्या जागी दुसरी मुलगी आली. रोज तिसऱ्या प्रहरी सराव व्हायचा तेव्हा मला व्हरांड्यात ठेवलेलं असे, आणि इंद्राणी येऊन माझ्यावर बसे. टाचांनी माझ्या पायांवर हळूहळू ठोके देई. ज्या पायांनी दोन उड्यांत मैदान पार केलं असतं, ते नुसते ठोके देत होते. आणि तिला तिथे बसवणारी मीच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बसंतीने लेकीला फ्लाकच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. पण डॉक्टरांना पायरी माहीत नव्हती, आणि कागद तर पायरीचा होता. बसंतीचं मन कागदाकडेच राहिलं.

मिस रीताही गोंधळल्या होत्या. देवराज मास्तरांना म्हणाल्या, "ही मुलं दोन मैल चालत येतात. सुट्टीत घरच्यांबरोबर वांगी-मिरच्यांचे भारे उचलतात. शहरातल्या शाळेत मुलं बसने येतात आणि तिथल्या पायरीवर लाल ठिपके कमी. कसं?"

मास्तर खांदे उडवून म्हणाले, "मुलींत दम नसतोच, मिस. मैदान मुलांच्या फुटबॉललाच ठेवा. हेडमास्तर तेच म्हणतात."

मिस रीतांनी वही उघडली, पण त्यांच्याच वहीतले ठिपके मास्तरांच्या बाजूने होते.

मग कपड्यांचा प्रश्न निघाला. आखूड चड्डी घालून मुली धावणार नाहीत, असं त्यांच्या आयांनी सांगितलं. लांब झगा पायात येतो. शेवटी ठरलं, गुडघ्याखाली चार बोटं येईल अशी विजार शिवायची, आणि ती शिवणार बसंती. एका दुपारी ती फीत गळ्यात घालून शाळेत आली. वाकून वाकून कंबर दुखते, म्हणून तिने एकेका मुलीला माझ्यावर उभं केलं. इंद्राणी शेजारी टाचण्यांची डबी धरून उभी होती.

तिसऱ्या मुलीचं माप घेताना फितीचं टोक बसंतीच्या हातून निसटलं, माझ्या अंगावरून घसरत जमिनीला टेकलं. फीत माझ्या काठाशी तिच्या बोटांत होती. तिने बोटाखालचा आकडा पाहिला. पावणे तेरा.

तिने फीत पुन्हा लावली. या कोपऱ्याला, त्या कोपऱ्याला. पावणे तेरा.

मित्रांनो, त्या क्षणी ही गोष्ट फक्त आम्हां दोघींना माहीत होती. 'बारा इंचांच्या पायरीवर' हे मिसचे शब्द तिला पक्के आठवत होते. तिच्या डोळ्यांत ते मला दिसले. बोटभर जास्त चढून आलेली नाडी होती ती. म्हणजे कदाचित पोर धडधाकट आहे. म्हणजे ती धावणार. धापा टाकणार. घामाने भिजणार, आणि वारा लागणार. बसंतीने फीत गोल गोल गुंडाळली आणि मुठीत धरली. मला वाटलं, आता ही फीत पिशवीत जाणार आणि मी कायमची बारा इंचांची राहणार. मला जीभ नव्हती. असती तर मी ओरडले असते.

"चला, चौथी ये," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा नव्हता.

चौथ्या मुलीचं माप झालं. इंद्राणीने टाचण्यांची डबी बंद केली आणि सहज विचारलं, "झालं ना मामाँ? माझं तर घ्यायचंच नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने ते मान्य करून टाकलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीने इतक्या शहाणपणाने बोलावं, हे आईला सोसलं नाही. बसंती मटकन माझ्यावर बसली.

"देवराज मास्तर," तिने हाक मारली, "मिसना बोलवा. त्यांना सांगा, वही पण आणा."

मिस आल्यावर तिने फीत माझ्या काठाला लावून दाखवली. मग नानांना बोलावणं गेलं. ते पट्टी घेऊनच आले, आणि चांगलेच तापलेले.

"माझी पट्टी चुकली? या पट्टीने कारखान्याची दारं बसली! बसंती, तुझा नवरा जन्मला ती खाट पण याच पट्टीची!"

"म्हणूनच त्याचे पाय खाटेबाहेर येत नाय," बसंती म्हणाली. सगळे हसले, नानासुद्धा. पण फीत पट्टीशेजारी ठेवली तेव्हा हसू थांबलं. पट्टीचा फूट फितीच्या फुटापेक्षा बोटभर लांब होता. ती जुन्या फ्रेंच मापाची पट्टी होती. गावात दारं, खाटा, चौकटी सगळं तिनेच झालेलं. सगळंच सारखं लांब असल्यामुळे कुणाला कधी अडलं नव्हतं. अडलं ते नेमकं मुलांना मोजताना.

नानांनी पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "करवत आण रे कोणतरी."

त्यांनी माझ्या पायांना खालून करवत लावली. दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. उंचीचा मला अभिमान होता. पण चौथा पाय कापून झाला आणि मी जमिनीवर नीट बसले, तेव्हा मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिस रीतांनी पंधराच्या पंधरा लाल ठिपके पुन्हा तपासले. इंद्राणी चढली. तीन मिनिटं बसंती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डस्टरच्या ठोक्यांबरोबर तिचे ओठ हलत होते. मिसनी मनगट सोडलं आणि आकडा सांगितला, "एकशे सोळा. कोरेक! अगदी ठीक!"

इंद्राणीने आईकडे पाहिलं. आता नाही म्हणायला आईकडे काही कारण उरलं नव्हतं. तिच्याजवळ फक्त भीती होती. बसंती पुढे आली, पिशवीतून फीत काढली आणि म्हणाली, "सरळ उभी राहा गो. माप घेते."

सगळे ठिपके काही पुसले गेले नाहीत. सात उरले, त्यांतले सहा मुलींचे. मिस रीतांनी वहीत मधल्या सुट्टीचा नकाशा काढला होता. त्यात मैदानभर मुलं होती आणि या सहा जणी भिंतीशी, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. "दम नसतो असं नाही, मास्तर," त्या म्हणाल्या, "दम वापरायला जागा नसते." बुधवारी आणि शुक्रवारी मैदान मुलींना मिळू लागलं. फुटबॉलवाले महिनाभर कुरकुरले.

फ्लाकला मी गेले नाही. देवराज मास्तरांनी येऊन सांगितलं, आपल्या मुली चौथ्या आल्या. इंद्राणीने परत आपल्या जागी धावून दोघींना मागे टाकलं. तिची आई शर्यत बघतच नव्हती, ती लेकीच्या छातीकडे बघत होती. आणि लेक थांबल्यावर आधी आईलाच पाणी पाजावं लागलं.

नंतर मिस रीता अभ्यास पुरा करून गेल्या. दोन-तीन वर्षं माझ्यावर चढून मुलींनी सराव केला. मग मला कोठीच्या खोलीत नेलं, माझ्यावर चुन्याचे डबे ठेवले. आता अठ्ठ्याऐंशी साल चालू आहे. एका पायाला वाळवी लागली आहे. कुणी थोडं तेल चोळलं, उन्हात ठेवलं तर मी अजून कामाला येईन.

पण मित्रांनो, माझी खरी विनवणी तेलाची नाही. मोठी माणसं तुम्हांला मोजत राहतील: धावण्यात, परीक्षेत, वजनकाट्यावर. मोजू द्या. मोजणं वाईट नाही, मिस रीता वाईट नव्हत्या, नानाही नव्हते. फक्त तुमच्या नावापुढे कधी लाल ठिपका आला, तर रडत व्हरांड्यात जाऊन बसू नका. आधी उभं राहून विचारा, पायरी किती उंच होती?