किटलीतलं लोखंड

आकाशातून पडलेलं उल्केचं लोखंड वेचायला शहरातून माणसं यायची, तेव्हा जंगलातली वाट दाखवायला फ्योक्ला दानिलोव्हनाच लागायची. वय अडुसष्ट, पण रशियाच्या पूर्व टोकाच्या सिखोते-अलिन डोंगररांगेतल्या त्या रानात तिच्याइतका पाय कुणाचाच चालत नसे. शिवाय एकोणीसशे सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत ते लोखंड पडताना तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळचे साडेदहा. ती अंगणात लाकडं फोडत होती. सूर्याशेजारी दुसरा सूर्य पेटला, सावल्या गरकन फिरल्या आणि असा दणका बसला की घरातल्या चुलीचं दार उघडून निखारे जमिनीवर सांडले.

त्याच दिवशी पहाटे पाचला तिचा नवरा सावेली भांडून बाहेर पडला होता. डोंगरापलीकडे त्याचे सापळे होते. "जा, आणि परत येऊ नकोस," ती म्हणाली होती. तो आलाच नाही. गावानं आठवडाभर डोंगरापलीकडचं रान पालथं घातलं. कुणी म्हणालं वाघानं नेला, कुणी म्हणालं दुसरीकडे संसार थाटला असेल.

पुढं यंत्रं घेऊन शोधणारे येऊ लागले. जमिनीखालचं लोखंड लागलं की यंत्र किंचाळायचं आणि ती तोंड फिरवायची. तरी ती जायचीच.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात ती व्लादिवोस्तोकहून लोखंड शोधायला आलेल्या ग्लेबला घेऊन निघाली. वाटेत ओढा फुगलेला. गावापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर दोघं अडकली. बसून कंटाळलेल्या ग्लेबनं यंत्र चालू केलं.

"इथं काय मिळणार? गावाच्या परसातच आहोत आपण," फ्योक्ला म्हणाली.

यंत्र किंचाळलं. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"लोखंडच आहे हो आजी, सैतान नाही!"

"जीभ आवर आणि फावडं चालव."

देवदाराच्या मुळाखालून एक चेपलेली किटली निघाली. एका बाजूनं पत्रा फाटून आत वळलेला, आणि आत मुठीएवढा, धारदार कडांचा काळा तुकडा घट्ट रुतून बसलेला. ग्लेब आनंदानं ओरडणार, तोच फ्योक्लानं किटली हिसकावून घेतली. झाकणाच्या मुठीजागी काडतुसाचं पितळी टोपण होतं. मूठ तुटल्यावर सावेलीनंच ते बसवलं होतं.

ग्लेबला सगळं ऐकून घ्यायला वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे लोखंड पडलं, तेव्हा तुमचे यजमान इथंच होते."

"साडेदहाला?" तिचे ओठ हलत होते. "पाचला निघालेला माणूस. साडेदहाला तो डोंगर उतरून पार पलीकडे हवा होता. इथं कसा?"

कसा, ते दोघांनाही कळलं होतं. सावेली अर्ध्यातून माघारी फिरला होता.

"मग बरंच झालं ना, आजी? राग धरून गेले नव्हते."

"बरं?" तिनं किटलीवरची माती बाहीनं पुसली. "अरे, शेहेचाळीस वर्षं तो माझ्यापासून लांब जात होता. जाणाऱ्याकडे पाठ फिरवून जगता येतं. आता तो घराकडे येतोय. त्याचं मी काय करू?"

ग्लेबनं दिवसभर खणलं. बुटाचे खिळे, पट्ट्याचं बक्कल आणि कुऱ्हाडीचं पातं निघालं. हाडं त्या मातीनं कधीच खाल्ली होती. एरवी नखाएवढा कणही न सोडणाऱ्या ग्लेबनं किटलीतला तुकडा तसाच राहू दिला. गावानं ते सगळं पेटीत घालून पुरलं, वर क्रूस लावला, फ्योक्लाच्या अंगणात मयताच्या रिवाजाप्रमाणे मध घातलेला गव्हाचा भात खाल्ला.

फ्योक्लानं वाटाड्याचं काम सोडलं. बर्फ पडू लागलं, आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास तिला फाटकापाशी बूट करकरताना ऐकू येऊ लागले. दार उघडावं तर बर्फावर एकही पाऊल नसे. आवाज रोज फाटकाशीच थांबे, आत येत नसे.

हे ऐकून शेजारची अगाफ्या वैतागली. "बाई, वेड लागेल तुला. हिवाळाभर माझ्याकडे येऊन राहा."

"नको गं," फ्योक्ला चुलीत लाकूड सारत म्हणाली. "एवढी वाट चालून आला, आणि घरात कुणीच नाही असं बघितलं, तर पुन्हा कुठं जाईल तो?"