अनुभव : निरंक

आमच्या कारखान्याचा गुन्हा एकच होता. तो चालू होता.

कारखाना म्हणजे काय, धुळ्यात मेन रोडच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं एक शेड. तिथं माझे सासरे तोताराम आबा सव्वीस वर्षं पत्र्याचे कूलर बनवत होते. आमच्याकडे मे महिन्यात पंखा गरम हवाच फेकतो, त्यामुळे कूलर ही चैन नाही, माठाइतकीच गरजेची वस्तू. साक्रीपासून पारोळ्यापर्यंत लग्नात मुलीला आबांचा कूलर द्यायची पद्धत होती. लोक फ्रिजला कंपनी विचारायचे आणि कूलरला म्हणायचे, "तोतारामना शे का?"

मग प्लॅस्टिकचे कूलर आले. दिसायला गोजिरे, उचलायला हलके, आणि हप्त्यावर मिळणारे. आबांचा कूलर पंधरा वर्षं टिकायचा, पण पंधरा वर्षांचा विचार आता करतो कोण? आबांकडे पत्रा वाकवायचं मशीन हातानं चालणारं, रंग ब्रशनं मारायचा. माझे यजमान योगेंद्र टेम्पोनं माल पोचवायचे आणि प्रत्येक दुकानातून एकच निरोप आणायचे, की फिनिशिंग नाही. नवं मशीन आणि रंगाची भट्टी घेतली तर धंदा वाचणार होता, नाहीतर दोन उन्हाळ्यांत शेडला कुलूप. इतकं सरळ होतं सगळं.

तेवढ्यात पेपरात सरकारची जाहिरात आली. लघुउद्योगांना कर्ज, वर अनुदान. जाहिरातीत एक बाई हसत मशीनजवळ उभी होती. योगेंद्र कागदांची पिशवी घेऊन ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं पिशवी उघडलीच नाही.

"युनिट चालू आहे का?"

"हो साहेब, सव्वीस वर्षं!" यांनी अभिमानानं सांगितलं.

"मग नाही बसत. योजना नवीन उद्योजकांसाठी आहे. चालू युनिट बसत नाही."

म्हणजे ज्यानं कधी पत्र्याला हात लावला नाही त्याला पत्र्याचं मशीन मिळणार, आणि ज्याच्या दहाही बोटांना पत्रा लागलेला आहे त्यानं घरी बसावं. हे धोरण ज्यानं लिहिलं त्याच्या घरी नक्की एसी असणार.

आता खरं सांगते, पुढची युक्ती माझी होती. योगेंद्रांची नव्हे, माझीच. मी म्हटलं, "माझ्या नावानं करू. बाईला अनुदान जास्त आहे. आणि मी तर नवीनच आहे." जळगावची मी, बी.कॉम. झालेली, फॉर्म भरायला घाबरत नाही. आबांचं युनिट कागदावर बंद करायचं, त्याच शेडमध्ये माझं नवीन सुरू करायचं. योगेंद्र आबांना कसं सांगायचं म्हणून दोन दिवस घुटमळत होते. मीच सांगितलं.

आबा भाकरी मोडता मोडता थांबले. "बंद करनं म्हंजे? काम बंद?"

"काम नाही हो आबा. फक्त कागदावर."

"मंग करी टाक," ते म्हणाले. "कागदनं काय."

त्यांना वाटलं कागदाचं काही नसतं. मलाही तसंच वाटलं होतं.

नोंदणी रद्द झाली. 'तोताराम कूलर्स'चा बोर्ड उतरवला. जुनी मशीनं दोन हातगाड्यांवर घालून शेजारच्या अन्वरभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात नेली. अन्वरभाई आणि आबा एकाच वर्षी या गल्लीत आले, दोघांचं एकमेकांच्या मशीनवर काम चालायचं. अन्वरभाईंनी मशीनवर ताडपत्री टाकली आणि मला म्हणाले, "बहू, ये काम बराबर है ना?" मी हो म्हटलं. अर्जात अनुभवाचा रकाना होता. तिथं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : निरंक.

पाहणीला साहेब येणार होते त्याच्या आदल्या दिवशी मी आबांची तालीम घेतली. लहान मुलाची तोंडी परीक्षा घ्यावी तशी.

"साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण, तर?"

"सासरा."

"काय करता?"

"मदत."

"कूलरचं काम येतं का?"

मी पुन्हा विचारलं. मग ते म्हणाले, "काम येस म्हनानं नही ना?"

"नाही म्हणायचं."

"बरं बेटा."

साहेब आले. तरुण, सभ्य, पाणी देताच थँक्यू म्हणणारे. त्यांच्यावर राग काढावा असं काही नव्हतं, हेच वाईट. त्यांनी रिकाम्या शेडचे मोबाइलवर फोटो घेतले आणि मला विचारलं, "पत्रा किती गेजचा वापरणार?"

आठ वर्षं या घरात राहिले, हिशेब लिहिला, फोन घेतले, पण पत्रा किती जाडीचा ते मला कुठं माहीत! आबा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मी ठोकून दिलं, "अठरा." आबांनी डोळेच मिटून घेतले. नंतर कळलं, अठरा गेजचा पत्रा धान्याच्या कोठीला लागतो, कूलरला नाही. साहेबांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी अठरा लिहून घेतलं.

मग ते आबांकडे वळले. "बाबा, तुम्हाला या कामाचा काही अनुभव?"

आबांच्या दोन्ही तळव्यांवर पत्र्याचे वळ आहेत, डाव्या अंगठ्याचं पेर अर्धं गेलेलं आहे. त्यांनी हात मागे घेतले.

"नही साहेब," ते म्हणाले. "माले काही येत नही. सून शिकाडस, मी शिकस."

"वा! या वयात शिकताय. कौतुक आहे तुमचं." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

साहेब गेले, मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. मी चहा टाकला. आबांनी कप हातात घेतला, तसाच ओट्यावर ठेवला आणि अन्वरभाईंच्या दुकानात जाऊन बसले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी वाईट केलंय. पण अनुदान ते वाटणं आवरून धरायला पुरेसं होतं.

सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात, आमचं आठ महिने लागले. उन्हाळा हातचा गेला. मशीन आलं, भट्टी आली, माझ्या नावाचा 'नूतन एंटरप्रायझेस' असा बोर्ड लागला. आबा नवं मशीन चार दिवसांत शिकले. पण गिऱ्हाईक आलं आणि विचारलं, "तोताराम भाऊ, यंदा काय भाव?" तर ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "मालकीनले इचारा." थट्टेनं म्हणत असतील असं मी धरून चालले. थट्टा करणारा माणूस हसतो तरी. ते हसत नव्हते.

आणि मग ती खरेदी निघाली. सरकारी वसतिगृहांसाठी एकशेचाळीस कूलर, तेही जिल्ह्यातल्या सूक्ष्म उद्योगांसाठी राखीव. जाहिरात वाचून योगेंद्र भर गल्लीत ओरडले. एकशेचाळीस! दोन वर्षांचे हप्ते एका झटक्यात फिटले असते. मी कागद घेऊन ऑफिसात गेले. तीच इमारत, फक्त टेबल दुसरं.

"किमान तीन वर्षं उत्पादनाचा अनुभव लागतो," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले. "तुमचं युनिट पाच महिन्यांचं."

"अहो, त्या टेबलावर सांगितलं नवीन पाहिजे!"

"ती योजना वेगळी, हे धोरण वेगळं, मॅडम."

"नवीन उद्योगांना अनुभवात सूट असते म्हणे."

"असते ना. पण त्याचं पत्र अजून आमच्याकडे आलेलं नाही."

दोन टेबलांमध्ये दहा पावलं अंतर नव्हतं. एकीकडे मला अनुभव आहे म्हणून हाकललं असतं, दुसरीकडे नाही म्हणून हाकललं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हातात राहिला अर्ज, तोही तीन प्रतींत.

घरी आले तर आबांनी जुनी फाइल काढून ठेवलेली. सव्वीस वर्षांची बिलं, दवाखान्याला दिलेल्या कूलरची, शाळांना दिलेल्या कूलरची, सगळी वर्षावार लावलेली. किती दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा ऐकला.

"हाई बठ्ठं दखाड त्यास्ले. हाई आपलंच शे ना?"

योगेंद्रांनी फाइल मिटली. "आबा, हे दाखवलं तर तेच शेड, तेच काम, तीच माणसं. मग युनिट जुनं ठरतं. अनुदान परत द्यावं लागेल, वर फसवणुकीची केस. नूतनवर."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. खरं बोललं तर माझ्यावर गुन्हा होता. त्यांनी फाइल उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ऑर्डर मिळाली बन्सीलाल नावाच्या माणसाला. धंदा प्लॅस्टिकच्या खुर्च्या विकण्याचा, पण नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यानं सात वर्षांपासून एक गाळा 'कूलर उत्पादन' म्हणून नोंदवून ठेवलेला. दरसाल थोडे कूलर बाहेरून घ्यायचे, आपलं लेबल लावायचं, बिल फाडायचं. कागदावर त्याचा अनुभव धडधाकट होता. आठवड्यानं तो आमच्याकडेच आला. "वहिनी, माल तुम्ही करा, नाव माझं." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि बीळ आम्हीच खणून दिलेलं. हप्ता तुंबलेला होता. आम्ही हो म्हटलं.

माल उचलण्याआधी सरकारी अधिकारी कारखाना बघणार होते. बन्सीलालच्या गाळ्यात खुर्च्यांच्या थप्प्या होत्या, म्हणून अन्वरभाईंच्या दुकानातली ताडपत्री उघडली, आबांची जुनी मशीनं टेम्पोत चढवली आणि सोनगीरवरून नरडाण्याला नेली. आबा कामगार म्हणून आले, मी पॅकिंगवाली म्हणून. वाटेत मी म्हटलं, "आबा, साहेबांनी विचारलं तर..." ते म्हणाले, "माले ठाऊक शे." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

अधिकारी वयस्कर होते, जाणकार. त्यांनी जुनं मशीन पाहिलं आणि आबांनाच हाक मारली. "बाबा, किती वर्षं करताय हे काम?"

"सव्वीस पुरं व्हई ग्यात, साहेब. सत्ताविसावं चालू शे."

आणि आबा बोलायला लागले. गवताची पट्टी किती दाबायची, पाण्याला ढाळ कसा द्यायचा, पत्र्याची धार आत का वळवायची, नाहीतर पोराबाळांचे हात कापतात. पंख्याचा आवाज ऐकून पातं कुठं घासतंय ते कसं ओळखायचं. हात पुढे करून, बोटानं दाखवत. बोर्डाबरोबर उतरवून ठेवलेला तो माणूस परत उभा राहिला होता. मी पट्ट्या बांधायचं नाटक करत होते आणि माझे डोळे भरून येत होते. माझ्या शेडमध्ये वर्षभरात ते इतकं बोलले नव्हते.

"पण ही फर्म तर सात वर्षांची," अधिकारी कागद बघत म्हणाले. "त्याआधी कुठं होता?"

बन्सीलालनं घाम पुसला.

"आधी मना सोताना कारखाना व्हता. धुयाम्हा, मेन रोडना मांगे."

"मग? बंद का पडला?"

आबा थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही.

"चालू व्हता म्हनीसन," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांना वाटलं म्हातारा गमतीचा आहे. ते मोठ्यानं हसले, बन्सीलाल त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला. "माणूस सोन्यासारखा आहे तुमच्याकडे," अधिकारी त्याला म्हणाले आणि सही करून गेले. बन्सीलालनं आबांच्या पाया पडल्यासारखं केलं. "आबा, उद्यापासून इथंच या. सुपरवायझर म्हणून."

मी टेम्पोत योगेंद्रांना हळूच म्हटलं, तोंडदेखलं बोलला तो, आबा काय मनावर घेणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. "डबा बांधी दे. नरडाणानी गाडी साडेसातनी शे."

"आबा, तो लबाड माणूस आहे. त्याचा कारखाना सगळा खोटा आहे."

"शे ना," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पन तठे कोनी इचारं तं माले खरं सांगता येस, बेटा."

मी डबा बांधून दिला.