लियाच्या जोडीचा घोडा

मी डँडी बोलतोय, या बेटावरचा एक म्हातारा कामकरी घोडा. आठवणींच्या बाबतीत माझ्यावर फार विसंबू नका. त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता की उत्तरेचा, हेही मला आता सांगता येत नाही. बोलणं मात्र ऐकलं तसंच सांगतोय. निदान मला तसं वाटतं.

शिंगरू असताना मला शेजारच्या बेटावरून होडीत घालून आणलं. माझी मालकीण मार्सली. नवरा समुद्रात बुडून गेलेला, किनाऱ्यालगत लहानसं शेत. आमच्याकडे घरटी एकच घोडा. दोन पोसणं कुणाला झेपत नसे. नांगराला मात्र दोन लागतात, म्हणून शेजारी शेजाऱ्याशी जोडी जमवी. माझी जोडी शेजारच्या लाखलनच्या करड्या घोडीशी, लियाशी. वसंतात आधी त्याचं शेत, मग आमचं.

एका हिवाळ्यात वादळानं किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग आणून टाकले. ते खताला लागे, म्हणून सगळ्यांत वाटलं जाई. लाखलननं मार्सलीच्या वाट्याचा ढीग आपल्या शेतात नेला. ढिगावर तिनं ठेवलेला खुणेचा दगड दिसला नाही म्हणाला. तिनं चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत त्याला चोर म्हटलं. बोलणं तुटलं.

नांगरणी कशी तुटणार? मार्सली आम्हां दोघांना धरून पुढे चाले, लाखलन मागे नांगर धरी, आणि दोघं बोलत ते फक्त आमच्याशी.

"लिया, मालकाला विचार, नांगर धरलाय की नुसता टेकून उभा आहे?"

"डँडी, मालकिणीला सांग, ती सरळ चालली तर नांगराचं तास सरळ येईल."

माणसं अबोला किती कष्टानं पाळतात, ते मी तेव्हा पाहिलं.

तिसऱ्या वसंतात लाखलनचं शेत संपलं, तेव्हा मार्सली लियाच्या कानाशी, पण मोठ्यानं म्हणाली, की आमचं शेत आता नांगरायचं नाही. शुक्रवारच्या बोटीनं डँडीला विकायला पाठवणार, आणि ती लेकीकडे ग्लासगोला जाणार. एकटीनं होत नाही.

लाखलन बराच वेळ फाळाची माती खरवडत राहिला. मग माझ्याजवळ आला.

"डँडी, तिला सांग, एका घोड्यावर माझं चालायचं नाही." पुढे म्हणाला, "आणि सांग, दगड मला दिसला होता."

मार्सलीनं माझ्या गळ्यातला पट्टा उगाच सारखा केला. "लिया, त्याला म्हणावं, मी इथंच उभी आहे. घोड्याला कशाला त्रास?"

"उद्या तुझं शेत धरू," तो तिला म्हणाला.

शुक्रवारची बोट माझ्याविना गेली. पुढे आम्ही पुष्कळ वसंत नांगरले. आता ट्रॅक्टर आलाय. मी आणि लिया कुंपणाशी उभे असतो. मार्सली येता-जाता पाठीवर हात ठेवते. तुमच्याकडे थकलेलं जनावर असेल, तर तेवढं करा. आम्हांला पुरतं.

लिया म्हणायची, लाखलनला त्या वसंतात माझी गरजच नव्हती. मला खरं वाटत नसे; घोडी थट्टेखोर आहे. पण बऱ्याच वर्षांनी माझे शेवटचे नाल काढताना लोहारानंच मार्सलीला सांगितलं: त्या वसंतात, नांगरणीच्या आदल्या आठवड्यात, लाखलनच्या मेहुण्यानं आपला कामाला तयार घोडा त्याला कायमचा देऊ केला होता. "माझी जोडी ठरलेली आहे," असं म्हणून लाखलननं तो परत पाठवला होता.