मागे बसलेला ड्रायव्हर

"ब्रेकर!" नागोराव मागून ओरडले, आणि ममताबाईंची बोटं दोन्ही ब्रेकवर आपोआप आवळली गेली. स्कूटी जागच्या जागी दचकली. मागून येणारा टिप्पर लांबलचक हॉर्न देत बाजूने निघून गेला आणि त्याची धूळ दोघांच्या अंगावर बसली.

ममताबाईंनी पाय टेकवून पुढे पाहिलं. सिमेंटचा नवा रस्ता. पोळपाटासारखा सपाट.

"कुठं हाये ब्रेकर?"

"होता इथं."

"होता म्हंजे? मंग आता काय त्याच्या आठवणीत दोन मिनिटं उभं राहाचं?"

"उद्या पुन्हा टाकतील. सरकारचं काही सांगता येते काय?" नागोराव शांतपणे म्हणाले आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर दोनदा टपटप केलं. "चाल."

ही टपटप ममताबाईंना सगळ्यात जास्त झोंबायची. नागोराव पाईकरावांची सारी नोकरी एसटी चालवण्यात गेली होती. त्यातली बरीचशी याच उमरखेड-ढाणकी रस्त्यावर, मुक्कामी गाडीवर. कंडक्टरने दोनदा घंटी दिली की गाडी सोडायची, हा एकच हुकूम त्यांनी जन्मभर ऐकला होता. आता रिटायर झाल्यावर तो हुकूम स्वतः देऊन पाहायची हौस ते बायकोच्या खांद्यावर भागवून घेत होते.

पुढे चढ लागला.

"गेर पाड."

"याले गेर नाही. कितीदा सांगू?"

"म्हणूनच म्हणतो, हे गाडी नोहे. मिक्सर हाये."

ममताबाईंनी दात आवळले आणि मिक्सर चढावर घातला.

स्कूटी संघदीपची, त्यांच्या मुलाची. तो नोकरीला पुण्याला गेला तेव्हा ती चादर पांघरून अंगणात उभी राहिली होती. त्याच सुमारास ममताबाईंना तीन गावांत शिलाईचे वर्ग घ्यायचं काम मिळालं. ऑटो भरल्याशिवाय सुटत नसे, आणि भरला की त्यात माणसं मांडीवर माणसं घेऊन बसत. शेवटी त्यांनीच बाजाराच्या मैदानावर स्कूटी शिकून घेतली. दोनदा पडल्या, पोटरी सायलेन्सरला भाजली, पण शिकल्या. पन्नाशीला टेकलेली बाई स्कूटीवर कशी दिसेल हा प्रश्न गल्लीने आठवडाभर चघळला आणि मग गल्लीला दुसरं काही मिळालं.

तेव्हापासून चार वर्षं त्या एकट्या जात होत्या. मे महिन्यात भिजवून गुंडाळलेला स्कार्फ गावाबाहेर पडेपर्यंत वाळून कडक व्हायचा, आणि मग कालव्याजवळच्या आंब्याखाली गारव्याचा एक पट्टा लागायचा, पापणी लवेस्तोवर सरणारा. तो पुरवून पुरवून मिळावा म्हणून त्या तिथे गाडी हळू करत. पावसाळ्यात रेनकोटात वारं शिरून तो फुग्यासारखा व्हायचा आणि आपण आता उचललेच जातो की काय असं वाटायचं. थंडीत हातात संघदीपचे जुने मोजे, नाक गळतंय, आणि धुक्यातून एकेक शेत असं वर येतंय जणू कोणी नुकतंच धुऊन ठेवलंय. वर्गातल्या बाया हळहळायच्या, "किती हाल होते मॅडम तुमचे." ममताबाई दमल्यासारखा चेहरा करत. त्या रस्त्यावर त्यांना कोणी चहा मागत नसे, मीठ कुठे ठेवलंय असं विचारत नसे. हे काय कोणाला सांगायचं असतं? एखाद्या दिवशी तर त्या वर्गाचं गाव ओलांडून पुढच्या फाट्यापर्यंत उगीच जाऊन येत.

आणि मग गेली दिवाळी आली. नागोराव शेजारच्या वामनरावांसोबत नांदेडला जाऊन डोळे दाखवून आले, थेंबांची बाटली घेऊन आले, "काही नाही, थेंब दिले" म्हणाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात हेल्मेट घेऊन अंगणात उभे राहिले.

"मी येतो संगं. एकटी बाई जाते, बरं नाही दिसत."

चार वर्षं बरं दिसलं होतं. पण नवऱ्याला असं तोंडावर कसं म्हणायचं? तेव्हापासून रोज डावी घे, उजवी घे, हॉर्न मार, गेर पाड. वळण आलं की नागोराव मागून स्वतःचाच हात बाहेर काढून इशारा द्यायचे आणि स्कूटी त्या बाजूला झुकायची. कालव्याचा आंबा कधी येऊन गेला, हे ममताबाईंना आता कळतही नसे.

आज मात्र सांगायचंच, असं त्यांनी पोळ्या लाटतानाच ठरवलं होतं. परत येताना फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्याशी गाडी थांबवायची आणि सांगायचं. उद्यापासून तुमी घरी राहा.

आज वर्ग बोरतांड्यात होता. सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर नागोराव बसले आणि ममताबाई समोरच्या खोलीत शिरल्या. जमनी मशीनवर पिशवीचा बंद शिवत होती. नवी सून, पण जिभेला चांगली धार.

"आले काय मॅडम तुमचे कंडक्टर?"

"कंडक्टर नाही, ड्रायव्हर होते थे."

"ड्रायव्हर तं तुमी. मांगं बसून घंटी देते थो कंडक्टरच असते." बाया हसल्या. जमनीने दाताने दोरा तोडला. "माह्या घरच्यायले बी शिकवा ना, मांगं बसाले. थे तं पुढंच बसते."

ममताबाईही हसल्या; पण हसताना त्यांनी नेमका उलटा खिसा लावला आणि सगळी शिवण उसवावी लागली.

दुपारी निघाल्या तेव्हा ऊन असं होतं की सीटवर बसवेना. पण पश्चिमेला एक काळपट निळा ढग धरला होता, आणि त्याच्या कडेला पिवळा रंग. शेतांमधून हळद शिजवण्याचा वास येत होता, ओल्या मातीत कोणी औषध उकळावं तसा. वारं सुटलं. पळसाची फुलं रस्त्यावर सरपटत आली.

"पूल येईन आता," नागोराव म्हणाले. "पुलावर वारं मारते. हँडल घट धर."

"धरलं."

"पूल झाला का बाभूळ हाये, झुकलेली. डावी सोडून चाल."

बाभूळ रस्ता रुंद करताना कापली होती. थोडंच राहिलंय आता, त्यांनी स्वतःला समजावलं. निवाऱ्यापर्यंत फक्त.

पूल गेला. सरळ रस्ता लागला आणि त्यांना लांबूनच ती ट्रॉली दिसली. उसाने भरलेली, चाक फुटलेली, अर्धा रस्ता अडवून उभी. मागे कोणीतरी दगड मांडून बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. आता हे सुरू होणार, ममताबाईंच्या मनात आलं. डावी घे, उजवी घे, हॉर्न मार, कोणत्या गधड्यानं उभी केली. त्यांनी खांदे ताठ केले आणि वाट पाहिली.

मागून काही आलं नाही.

ट्रॉली जवळ आली. उसाची पानं वाऱ्यात फडफडताना दिसू लागली. ममताबाईंनी मुद्दामच गाडी सरळ ठेवली. ओरडा ना आता. नसलेल्या ब्रेकरले बी ओरडता.

काही नाही.

शेवटच्या क्षणी त्यांनी हँडल वळवलं. पुढचं चाक एका दगडावरून उडालं, फांदी पायाला ओरबाडून गेली, आणि ट्रॉलीची सावली दोघांवरून सरकली.

"अरे!" नागोराव सावरत म्हणाले. आणि मग, खरोखर नवल वाटल्यासारखं, "इथं तं खड्डा नव्हता."

ममताबाई पुढे बघत गाडी चालवत राहिल्या. पायाला चुरचुरत होतं. नागोराव पुन्हा गप्प झाले. गेले कितीतरी महिने ही शांतता त्यांनी मनोमन मागितली होती. आता मिळाली तर ती पाठीवर पोत्यासारखी बसली.

निवाऱ्यापाशी पोचेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले, आणि दोघं आत शिरतायत तोच पत्र्यावर गारा वाजू लागल्या. नागोरावांनी बाकाची कड हाताने चाचपली आणि बसले. हे चाचपणं आजचं नसणार. ममताबाईंनी ते आज पाहिलं.

"कवापासून?"

"काय कवापासून?"

"थो खड्डा नव्हता. ट्रॉली होती उसाची. घराएवढी."

नागोरावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला.

"दिवाळीच्या आधीपासून. डावा तं गेलाच. उजव्यानं सावल्या दिसते. डॉक्टर म्हणे, हाये थे सांभाळा. गेलं थे वापस येत नाही."

"अन् मले सांगाले काय झालतं?"

"सांगतलं असतं तं तू मले घरी बसवलं असतं."

ममताबाईंचं पाठ केलेलं वाक्य नेमकं तेच होतं, आणि जागाही हीच.

"घरात सकाळ बी तशीच, दुपार बी तशीच," नागोराव म्हणाले. "गाडीवर बसलो का मले समजते मी कुठं हावो. पुलावर वारं गार लागते. हळदीचा वास आला का मळा आला. उतार तं पोटात समजते. कालव्याच्या आंब्याखाली तू आधी हळू करत होती, आता सुसाट काढते. दोन महिने झाले, थो गारवाच भेटला नाही."

ममताबाई गारांकडे बघत राहिल्या. रस्त्यावर त्या उडत होत्या, लाह्यांसारख्या. डोळे भरून यायला हवे होते, आले नाहीत. त्याऐवजी त्यांना चीडच आली. एवढी एक गोष्ट आपली एकटीची होती, तिलाही वाटेकरी निघाला. आणि तोही असा, की त्याला हाकलता येऊ नये.

"मले एकटीनं जायले आवडते," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आवडते मले. हाल-गिल काही नाही होत."

"माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"वरतून पाणी कोसळून राह्यलेलं असते, अन् तू म्हणते आज जावंच लागते. शिलाईसाठी कोणी असं जाते काय? मी ड्रायव्हर होतो, बाई. मले समजत नाही काय?"

ममताबाईंना हसू आलं आणि ते आल्याचाही राग आला.

"मंग वाटणी करू," त्या म्हणाल्या. "काही दिवस तुमी चाला. काही दिवस मी एकटी."

"कर."

"ऊन तुमचं."

"ऊन घेऊन मी काय करू? टक्कल तापते. पाऊस दे."

"पाऊस माहा."

"पुरा?"

"पुरा. तुमी मांगं बसले का रेनकोटात वारं शिरत नाही."

नागोरावांनी यावर थोडा विचार केला. "बरं. थंडी?"

थंडी सोडणं कठीण होतं. ममताबाईंनी मनातल्या मनात धुकं मोजून पाहिलं. "सहा डिसेंबरपरेंत तुमची. पुढची माही."

"सहा डिसेंबराच्या आधी थंडी असते कुठं? लबाड हायेस."

"मंग एक जानेवारीपरेंत. त्याच्या वरती एक दिवस नाही देणार."

"मंजूर."

"अन् ब्रेकर म्हणून ओरडाचं नाही. काय हाये थे मी सांगीन. तुमी आयका."

"अन् नसलेलं नको सांगू. कीव करून."

"मी कायले कीव करू? पाय पाहा माहा, फांदीनं फाडला."

नागोरावांनी वाकून पाहिल्यासारखं केलं. मग दोघांच्याही लक्षात आलं, आणि ममताबाईंनी पाय मागे घेतला.

गारा थांबल्या. बारीक सर चालूच होती, पण ढगाखालून तिरपं ऊन निघालं आणि ओला रस्ता डोळ्यांना सोसवेना इतका चकाकला. नागोरावांनी तोंड त्या उजेडाकडे वळवलं. हात निवाऱ्याबाहेर काढून तळव्यावर थेंब घेतले, मग तोच हात उन्हात धरून ठेवला.

"हा कोणाचा मंग?"

"कोणता?"

"हा. अवकाळी. ऊन बी हाये, पाणी बी हाये. पावसाळा तं लागला नाही अजून."

याचा विचार ममताबाईंनी केला नव्हता. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग बाहेर पडून स्कूटीजवळ गेल्या. पदराचं टोक घेऊन त्यांनी मागची सीट पुसली, नीट, कडेकडेने. पुढची तशीच ओली राहिली.

"बसा," त्या म्हणाल्या.