पांढरा पट्टा

बी म्वानासिती, म्हणजे म्वानासितीबाई, नारळ खवत बसली होती, तेव्हा दारात पुरुषाचा आवाज आला.

"होदी!"

आत येऊ का, असं विचारायची ही मोंबासाकडच्या त्या किनाऱ्याची रीत. तीनदा पुकारायचं. आतून 'कारिबू' आलं तर उंबरा ओलांडायचा; नाही आलं तर मुकाट्यानं माघारी फिरायचं. चौथ्यांदा पुकारणाऱ्याला आईनं वळण लावलं नाही, असं म्हणतात.

म्वानासितीचा हात खवणीवर थांबला. नवरा, बाकारी, वारल्यापासून ती इद्दतीत होती. अत्तर नाही, काजळ नाही, अंगणापलीकडे पाऊल नाही. आणि तिच्या आजीनं तिला शिकवलं होतं की, या दिवसांत विधवेचा आवाज परक्या पुरुषाच्या कानी पडू नये. आवाज ओळखीचा नव्हता; गावातल्या कुणाचाच नव्हता. गावात राहणारी जाऊ मिशी रोज दिवसा इथे येई; ती आता असती तर तिनं डोकं बाहेर काढलं असतं, पण ती मासळी घेऊन बाजाराला गेलेली.

"होदी!" दुसऱ्यांदा. मग जरा थांबून, थोडं दमून तिसऱ्यांदा.

म्वानासितीनं श्वास धरला. चपला वाळूत फिरल्या, लांब गेल्या. मग पुन्हा फक्त खाडीचा आवाज राहिला आणि खारफुटीतून सळसळत येणारा वारा. तिनं खवणी ओढली. माणूस चांगल्या घरचा दिसतो, तिला वाटलं. रीत जाणतो.

तोंडात जुनी ओवी आली. तिची आई खवताना म्हणायची तीच.

*भरती आली दारी, तिला उंबऱ्याशी बसवा,*
*गेल्याची वाट पुसे, तिला गोड बोलून फसवा.*

फसवायला तरी भरती कुठे विचारत होती? ती आपली खारफुटीच्या मुळांपर्यंत येई, मुळांत जिरे, आणि परत जाई. घरापर्यंत येत नसे. ही झाडं बाकारीनं लावलेली. मोठ्या पुराच्या साली गाळ येऊन अख्खा किनारा बोडका झाला, तेव्हा लाटेनं त्यांची चूल विझवली होती. त्यानंतर बाकारी दर ओहोटीला चिखलात उतरे. शेंगेसारखी लांब रोपं काखेत घेऊन जाई आणि एकेक रोवून येई. लोक हसत. "काय रे, समुद्राला कुंपण घालतोस?" तो म्हणे, "कुंपण नाही. पडदा. बायको आत आहे ना माझी." आता झाडं दोन पुरुष उंच होती, आणि तो त्यांच्यामागे टेकाडावर मातीत होता.

दुसऱ्या आठवड्यात मिशी गावसभेहून आली ती डोक्यावरची टोपली न उतरवताच बोलायला लागली.

"जाऊबाई, तुम्ही मेलात!"

"अल्ला! काय बोलतेस हे?"

"मी नाही, नकाशा बोलतोय. मोंबासाहून बाई आल्यात, वाकेशो नावाच्या. देशाच्या जमाखर्चात आता जंगलाचंही खातं घालायचं म्हणे. कुठलं झाड आपल्याला काय देतं, ते मोजायचं. मासे किती, मध किती. आणि वादळात आडोसा कुणाला, किती." तिनं टोपली ठेवली आणि चटईवर बसकण मारली. "संगणकात एक खोटी लाट सोडतात, जाऊबाई. मॉडेल म्हणतात त्याला. एकदा झाडं ठेवून सोडतात, एकदा झाडं काढून. मग बघतात कुणाकुणाच्या घरात पाणी शिरतं. जितक्या माणसांच्या घरात शिरतं, तितकी त्या झाडांची किंमत."

"बरं आहे की मग."

"काय बरं आहे? तुमच्या समोरचा पट्टा पांढरा काढलाय! पांढरा म्हणजे मागे माणूसच नाही. लाट आली काय, न आली काय. आणि समितीनं ठरवलं, शाळेच्या छपराला वासे लागतायत, तर ते पांढऱ्या पट्ट्यातून तोडायचे. सोमवारी कोयते घेऊन येणार."

म्वानासितीचे हात मांडीवर एकमेकांना धरून बसले.

"मी उठले ना सभेत! म्हटलं, तिथे माझी सख्खी जाऊ राहते. तर तो मोजणीचा पोरगा, न्याले, उत्तरेकडचा कुठला तरी, म्हणतो कसा, 'मावशी, मी तीनदा होदी केलं. घर रिकामं होतं.' म्हटलं, रिकामं तुझं डोकं! ती इद्दतीत आहे. सगळी सभा हसली. पोरानं मान खाली घातली बिचाऱ्यानं."

"त्याचं काय चुकलं? मीच गप्प होते."

"चूक कुणाची ते मरू दे. वाकेशोबाई म्हणाल्या, सांगोवांगी मी लिहीत नाही. घरच्या माणसानं स्वतः सांगायला हवं. उद्या सकाळी त्या एकट्या येतायत. बाईमाणूस आहे, तुमची अडचण नाही." मिशीनं आवाज खाली आणला, जरी ऐकायला कोणी नव्हतं. "आता नीट ऐका. एकच माणूस निघालं तर पट्टा फिका हिरवा होणार. वासे कमी पडले की पुढची पाळी फिक्याची. दोन निघाली तर गडद. गडदाला समिती हात लावत नाही."

"मग?"

"मग काय? नीम्वाका आहे ना तुमची. मुलगी घरचीच की. दोन सांगा."

नीम्वाका मस्कतला कुणाच्या तरी घरी कुणाची तरी मुलं सांभाळत होती. बापाच्या मयतीला तिला सुट्टी मिळाली नव्हती. इद्दत सुटायच्या दिवशी येते म्हणाली होती, आणि मग म्हणाली, बघते.

वाकेशो सकाळी आली. तैताच्या डोंगरातली, उंच, चिखलानं गुडघे माखलेली. तिनं दारात पुकारलं, म्वानासितीनं "कारिबू" म्हटलं, आणि किती दिवसांनी आपला आवाज दाराकडे गेला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मिशीनं चहा आणि गरम, तळलेली, गोड पावासारखी महामरी पुढे ठेवली. वाकेशोनं जमीन खाडीपासून किती उंच आहे ते मोजलं, दारापासून झाडांपर्यंत फीत ओढली, बुंध्यांचे घेर घेतले. मग चटईवर बसून तिनं तो पाटीसारखा टॅब मांडीवर घेतला.

"झाडं कुणी लावली, बी?"

"माझ्या मालकांनी."

"छान वाढलीत."

"ते लिहा."

वाकेशो अडखळली. "त्याला रकाना नाही, बी. झाडं कुणाला राखतात तेवढंच यात येतं. कुणी लावली ते येत नाही."

"असं होय." म्वानासितीनं चहाचा पेला तिच्याकडे सरकवला. "प्या, निवतोय."

वाकेशोनं नकाशा दाखवला. वरून, पाखरानं पाहावं तसा. खाडी, चिखल, गावाकडे दाट ठिपके, एकमेकांना चिकटून बसलेले, लग्नघरात बायका बसतात तसे. आणि इकडे, टोकाला, काहीच नाही. घरसुद्धा नाही. झावळ्यांचं छप्पर वरून वाळलेल्या रानासारखंच दिसत होतं.

"काल रात्री या घरात किती माणसं झोपली?" वाकेशोनं विचारलं. सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न.

मिशीनं मागून पायानं म्वानासितीचा पाय दाबला.

दोन. एवढंसं तर होतं. बाकारीची बाज अजून तिथेच होती, दोऱ्या ताणलेल्या, कोणी न झोपल्यानं ताठ. दोन म्हटलं तर झाडं उभी राहिली असती. आणि दोन म्हटलं तर नीम्वाका नव्हे, तोच मोजला गेला असता, हे मिशीला कळलं नसतं, पण म्वानासितीला ठाऊक होतं. गेल्या किती सकाळी ती दोन पेले धुऊन पालथे घालत होती. अजून तिनं कुणापुढे तो आकडा उच्चारला नव्हता. लोक येत, 'पोलेनी', फार वाईट झालं, म्हणत, रडत, जात. कुणी विचारलंच नव्हतं की, आता किती आहात.

"एक," ती म्हणाली.

मिशीनं डोळे मिटले. वाकेशोनं बोट टेकवलं, आणि त्या कोऱ्या टोकावर एक ठिपका उमटला. पट्ट्याचा पांढरा रंग जरासा हिरवट झाला, उकळत्या पाण्यात पान टाकावं तसा.

"एवढीशी आहे मी," म्वानासिती म्हणाली.

"सोमवारी तोडायला येणार नाहीत, बी. एवढं नक्की." मग वाकेशो, आवरता आवरता, नजर न मिळवता म्हणाली, "दर वर्षी पुन्हा मोजतो आम्ही."

ती गेल्यावर मिशी तडतडली. "खरं बोलून काय मिळालं? फिका हिरवा! वासे कमी पडले की आलेच कोयते. शाळा मोठी आहे, जाऊबाई, छप्पर केवढं!"

"काय करू, जीभ वळली नाही."

"मेल्यावर स्वर्गात गडद पट्टा मिळेल तुम्हाला. इथे मी काय करू?" असं म्हणत तिनं पदरानं नाक पुसलं आणि राहिलेली महामरी झाकून ठेवली, रात्रीला होईल म्हणून.

शुक्रवारच्या नमाजानंतर नीम्वाकाचा फोन आला. नेहमी मिशीच्याच मोबाइलवर यायचा.

"आई, जेवलीस?"

"जेवले. तू?"

"यांच्याकडे पाहुणे आहेत. पटकन बोल."

"माझी मोजणी झाली." आणि म्वानासितीनं सगळं सांगितलं, लाट, पट्टा, ठिपका.

"किती सांगितलंस?"

"एक."

पलीकडे एक मूल रडत होतं. नीम्वाकाचं नव्हे. ते बराच वेळ रडलं.

"मला धरून दोन सांगायचं होतंस."

"तू कुठे झोपली होतीस इथे, बाळे?" भात शिजला म्हणावं, तशा आवाजात ती म्हणाली. त्यात टोचणी नव्हती.

"पुन्हा कधी मोजतात?"

"पुढच्या साली. उत्तरेचे वारे सुटले की."

"महिना सांग, आई. इथे वारे कळत नाहीत. सुट्टी महिना सांगून मागावी लागते."

म्वानासितीला महिना ठाऊक नव्हता. तेवढ्यात तिकडून कुणीतरी नावानं हाक मारली आणि फोन तुटला.

तिनं मोबाइल मिशीपुढे धरला. "त्या वाकेशोबाईंना लाव. विचार, कोणता महिना."

"आत्ता? भात उतू जातोय माझा."

"जाऊ दे. आत्ता."