गुडघा टेकला

आमच्या सासऱ्यांच्या मते सांबो हा रशियन प्रकार म्हणजे कुस्तीच नव्हे. "लाल-निळी जाकिटं घालून एकमेकांचे पाय पिरगाळायचे, ही काय कुस्ती? आपल्या मंगोल कुस्तीत गुडघा टेकला की पैलवान पडला. संपलं." लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकतेय. मुलाची एक लढत म्हणून त्यांनी पाहिली नव्हती. माझा नवरा, अल्तांगेरेल, वरवर हसायचा, पण मनातून झुरायचा. बापानं एकदा तरी आपल्याला पैलवान म्हणावं, एवढंच त्याचं मागणं.

यंदा सांबोची आशियाई स्पर्धा आमच्याच उलानबाटरला भरली. अल्ताची ही शेवटची स्पर्धा. गुडघे कुरकुरायला लागलेत, आता पुरे, असं मीच बजावलंय. सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, चला की बघायला. नाही आवडलं तर झोपा. घरी तरी दुसरं काय करता?"

"घरची गादी बरी असते," म्हणाले. पण आले, सणाचा डगला चढवून, मिठाच्या चहाचा थर्मास घेऊन.

कांस्यपदकाची लढत होती. समोर एक चपळ कझाक पोरगा. अल्ता गुणांनी पुढे होता.

"हे मिठ्या काय मारतायत?" सासरे माझ्या कानाशी.

"बाबा, चहा प्या."

तेवढ्यात अल्तानं पट्टा धरून असा हिसका दिला, की पोराचा गुडघा गादीला टेकला.

"पडला!" सासरे उभे राहून गरजले.

सांबोत गुडघा टेकून काही होत नाही. पण त्याच आवाजानं अल्ताला लहानपणी कुस्ती शिकवलेली. त्यानं पकड सोडली, ताठ उभा राहिला आणि एक हात वर धरला. हरलेला जिंकणाऱ्याच्या काखेखालून वाकून जातो ना आमच्याकडे, तसा तो पोराची वाट बघत थांबला. पोरगा बिचारा क्षणभर गोंधळला. मग आयतं ताट कोण सोडतो? त्यानं अल्ताचा पाय धरून पिरगाळला, आणि अल्तानं हार मानून गादीवर हात आपटला.

"बाबा, घालवलंत ना पदक."

"गुडघा टेकला होता," ते म्हणाले, पण आवाज पार बसला होता. "त्यानं सोडलं कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून. तुमचं ऐकणारा घरात तेवढा एकच आहे."

ते जिना उतरून खाली गेले, मी मागोमाग. अल्ता बाकावर मान खाली घालून रडत होता. मलाही आवरेना.

"ऊठ," सासरे म्हणाले. "हात वर कर."

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत. मी हरलो तुझ्यापुढं. हात वर कर, पैलवाना."

अल्तानं हात उचलला. सासऱ्यांनी हरलेल्या पैलवानासारखी डगल्याची गुंडी सोडली, दुखरी कंबर वाकवली आणि मुलाच्या काखेखालून गेले.